कोंबडीचा गळा फुगला, अंडे बंद झाले : आधी हात लावून पाहा



उसाचे बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येते, दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो आणि अंड्याचा पैसा जवळजवळ रोज येतो. पहिले दोन पैसे खातेदाराच्या नावावर पडतात. तिसरा मात्र बहुतेक घरांत बाईच्या हातात पडतो आणि मिठामिरचीला, पोरांच्या वहीला, एसटीच्या तिकिटाला उपयोगी येतो. मिरजगाव परिसर पर्जन्यछायेचा. सीनेच्या आणि कुकडीच्या पाण्यावर आपण ऊस उभा करतो खरा, पण दर साल पाणी पुरेलच याची हमी कोणी देत नाही. अशा वर्षी दारातल्या दहा-पंधरा गावरान कोंबड्या घराला किती हात लावतात, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. पुरुष सभासदांना मात्र सांगावे लागते, कारण बैल बसला तर डॉक्टर येतो आणि कोंबडी बसली तर ती बाजारात जाते!

कोंबड्यांच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे, "गळ्याखाली गोळा आलाय." दुसरी म्हणजे, "चांगली खाते-पिते, पण अंडं देईना." दोन्हींवर घरोघरी उपाय ठरलेले आहेत. पहिलीला उलटी धरून गळा पिळायचा, दुसरीला विकून टाकायचे. यातला पहिला उपाय पुष्कळदा कोंबडीचा जीव घेतो, आणि दुसऱ्यात चांगली कोंबडी हातची जाते किंवा रोगी कोंबडी दुसऱ्याच्या दारात जाते. म्हणून औषधाकडे वळण्यापूर्वी काय पाहायचे, ते या लेखात थोडे सविस्तर देत आहोत.

दाण्याची पिशवी

कोंबडीला दात नाहीत. ती टिपते तो दाणा थेट पोटात जात नाही. गळ्याच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजव्या अंगाला, एक लवचिक पिशवी असते. दाणा तिच्यात साठतो, पाण्याने भिजतो आणि मग थोडा थोडा खाली उतरतो. डॉक्टर मंडळी तिला क्रॉप म्हणतात. खाली जाड स्नायूंचे जे पोट आहे ते गिझार्ड. ते म्हणजे कोंबडीचे जातेच, आणि टिपलेले बारीक खडे हे त्या जात्याचे दगड. कोंबडी सारा दिवस कोंडून ठेवली आणि तिला खडे मिळाले नाहीत, तर जाते चालत नाही आणि वर पिशवीत माल तुंबतो.

आता महत्त्वाची गोष्ट. संध्याकाळी खुराड्यात शिरताना पिशवी टम्म भरलेली असणे हा रोग नव्हे, ती दिवसभराची कमाई आहे. रात्रभरात ती खाली उतरते आणि पहाटेपर्यंत पिशवी रिकामी होते. म्हणून गळा तपासायचा तो पहाटे, दाणा टाकण्यापूर्वी. संशय असेल त्या कोंबडीच्या पायाला रंगीत दोरा सैल बांधा, रात्री तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवा आणि उजाडताच बोटांनी चाचपा. पिशवी रिकामी लागली तर गळ्याचे दुखणे नाही, दुसरीकडे शोधा. पिशवी भरलेलीच असेल तर ती हाताला कशी लागते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

संध्याकाळी तपासले तर एक जादा गोष्ट कळते, तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. सगळ्यांच्या पिशव्या भरल्या आणि एकीचीच रिकामी, तर ती कोंबडी आजारी तरी आहे, नाही तर बाकीच्या तिला दाण्यापाशी फिरकू देत नाहीत. तिच्या छातीचे मधले हाड चाचपा. सुरीच्या पात्यासारखे धारदार लागले, तर हा प्रकार कित्येक दिवसांचा आहे असे समजावे. माझ्या मते फुगलेल्या गळ्यापेक्षा संध्याकाळचा रिकामा गळा जास्त काळजीचा.

पहाटेची पिशवी कणकेच्या घट्ट गोळ्यासारखी, आत दोऱ्या-काड्या असल्यासारखी लागली, तर ती तुंबली आहे. उसाच्या वस्तीवर याची कारणे पायाखालीच पडलेली असतात : वाळल्या पाचटाचे लांब तुकडे, हरळीच्या काड्या, खताच्या गोणीचा प्लॅस्टिकचा दोरा, सुतळी. गोणी उसवली की दोरा ओढून तिथेच टाकायची आपली सवय आहे. कोंबडीला तो किडा वाटतो. दोरा एकदा गिळला की त्याभोवती दाणा, गवत गुंडाळत जाते आणि लिंबाएवढा गोळा बनतो. दिवसभर उपाशी ठेवून एकदम कोरडा दाणा पुढे टाकला, तरी अधाशीपणाने पिशवी ठासली जाते आणि वर पाणी प्याल्यावर दाणा फुगतो.

अशा कोंबडीला एक दिवस दाणा-गवत बंद करावे, स्वच्छ पाणी मात्र सतत पुढे असावे. सुई काढलेल्या पिचकारीने चहाचा एक चमचा गोडेतेल चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडावे. घाई करू नका. जिभेच्या बुडाशी जे छिद्र दिसते ती श्वासनळी. तेल त्यात गेले तर कोंबडी गुदमरते, आणि तिथे न मरता वाचली तरी फुफ्फुस बिघडून दोन-चार दिवसांत जाते. मग बोटांनी पिशवी हलक्या हाताने चोळावी. गोळा फोडायचा आहे, पिळायचा नाही. चार-पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. दुसऱ्या पहाटे पुन्हा पाहावे. गोळा मऊ झाला, लहान झाला, तर पातळ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या थोड्या थोड्या द्याव्यात. दोन दिवसांत काहीच फरक नाही, किंवा कोंबडी मान टाकू लागली, तर दवाखाना गाठावा. डॉक्टर लहानशी चीर देऊन पिशवी रिकामी करतात आणि पिशवीला वेगळे व कातडीला वेगळे टाके घालतात. काम फार मोठे नाही. परंतु घरच्या ब्लेडने आणि कपडे शिवायच्या दोऱ्याने ते करायला कोणी जाऊ नये.

दुसरा प्रकार अगदी निराळा. पिशवी पाण्याने अर्ध्या भरलेल्या फुग्यासारखी डुचमळते, चोच उघडली की आंबलेला वास येतो, कधी तोंडात पांढरा थर दिसतो. ही आंबलेली पिशवी. आत बुरशीच्या जातीचे जंतू वाढलेले असतात. शिळे ओले अन्न, कालचा भिजवलेला भरडा, फार दिवस चाललेली प्रतिजैविके यांनी हे होते. आणखी एक कारण आमच्या उसाच्या मुलखात खास आहे, ते म्हणजे गूळपाणी. उन्हात थकलेल्या कोंबडीला थोडे गूळपाणी एखाद्या वेळी चालते. पण ज्या कोंबडीची पिशवी आंबली आहे तिला गूळपाणी, उसाचा रस किंवा मळी देणे म्हणजे बुरशीलाच खाद्य देणे होय. अशक्त झाली म्हणून द्यावे, आणि त्यानेच ती अधिक बिघडावी, असा हा प्रकार.

आंबलेल्या पिशवीला तेल नको आणि चोळणेही नको. दिवसभर दाणा बंद, पाणी ताजे, भांडे घासलेले. बुरशीवरचे औषध डॉक्टर वजनाप्रमाणे देतात, ते आणावे. जुन्या पुस्तकांत पाण्यात मोरचूद टाकण्याचा उपाय आढळतो. आपल्याकडे मोरचूद घरात असतो म्हणून मुद्दाम सांगतो, चिमटीने टाकून हा उपाय करू नका. त्याचे प्रमाण हजारात अर्ध्या भागाचे असते. चिमूट थोडी मोठी झाली की ते औषध राहत नाही, विष होते.

आणि कोंबडी उलटी धरून पाणी काढणे? वरवर गुण आल्यासारखा वाटतो, कारण घळाघळा पाणी पडते. पण त्यातले काही श्वासनळीत उतरते. हा उपाय घरी करूच नये, एवढेच सांगणे.

तिसरा प्रकार म्हाताऱ्या कोंबडीत दिसतो. पिशवी ताण गमावून पिशवीसारखीच लोंबते. याला औषध नाही. थोडे थोडे, वरचेवर खायला घालून ती काही महिने चालते.

एकीचा गळा की साऱ्यांचा?

एका कोंबडीचा गळा फुगला तर वर सांगितलेले पाहावे. परंतु दोन-तीन दिवसांत चार-पाच कोंबड्यांचे गळे भरले, तर ते गळ्याचे दुखणे नव्हे. गळा हे फक्त लक्षण आहे.

त्यात पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. उत्तराखंडातल्या कुमाऊँ भागात राणीखेत नावाचे थंड हवेचे गाव आहे. 1927-28 च्या सुमारास आपल्या देशात हा रोग तेथे नोंदला गेला आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. आजारी कोंबडी सुस्त होते, तोंड वासून श्वास घेते, हिरवट-पांढरी पातळ शीट टाकते, पंख पाडते. काहींची मान पिळवटते, म्हणून मानमोडी. गिळलेले खाली सरकत नाही म्हणून गळ्यात आंबट पाणी साठते. अंडी एकदम बंद होतात किंवा बिनकवची, वेडीवाकडी पडतात. यावर जगात कोठेही औषध नाही. लागण झाल्यावर आणलेली प्रतिजैविके त्या विषाणूचे काही करीत नाहीत.

दुसरा संशय विषबाधेचा. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले गुलाबी बियाणे बांधावर सांडते, उसात टाकलेले दाणेदार कीटकनाशक कोंबडी खडा समजून टिपते. सकाळी धडधाकट सोडलेल्या कोंबड्या काही तासांत लाळ गाळतात, पाय लुळे पडतात, गळा मात्र भरलेला असतो. अशा मेलेल्या कोंबडीच्या पिशवीतला मालच पुरावा असतो, तो फेकू नये.

तिसरी शक्यता बर्ड फ्ल्यूची. देशात हा रोग कोंबड्यांत प्रथम सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात पुन्हा निघाला. म्हणून एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, आसपास कावळेही मरून पडले, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, उकिरड्यावर टाकू नये आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी. 1962 या क्रमांकावरही सांगता येते.

या तिन्हींत आजारी कोंबडी बाजारात नेणे सर्वांत वाईट. दीड-दोनशे रुपयांसाठी साऱ्या वाड्यांची खुराडी रिकामी होतात. गळीत हंगामात आणखी एक गोष्ट घडते. तोडणी टोळ्यांबरोबर त्यांच्या कोंबड्याही येतात, आणि आपल्या व त्यांच्या कोंबड्या एकाच फडात चरतात. रोग कोणी कोणाला दिला याचा वाद घालण्यात अर्थ नाही. टोळी येण्यापूर्वी आपल्या कोंबड्यांना लस झालेली असावी आणि टोळीच्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी देता आली तर उत्तमच.

अंडे का देईना?

गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, तीही खेपेखेपेने. एका खेपेला बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. हा तिचा स्वभाव, रोग नाही. रवणीला बसवायची नसेल तर तीन-चार दिवस तिला जाळीच्या तळाच्या, खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात ठेवावे, दाणा-पाणी द्यावे. खोपा मिळाला नाही की ऊब मोडते. पाण्यात बुचकळणे, पाय बांधून ठेवणे हे प्रकार सोडून द्यावेत.

पावसाळ्याच्या अखेरीस, थंडीच्या तोंडाला पिसे झडतात, तेव्हाही दोन-अडीच महिने अंडे नसते. अंगावर पीस घडवायलाच तिचे खाणे खर्च होते. शिवाय अंड्याचा संबंध उजेडाशी आहे. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. व्यापारी शेडमध्ये बल्ब लावून चौदा-सोळा तासांचा दिवस करतात. दहा गावरान कोंबड्यांसाठी तो खटाटोप करावा, असे मला वाटत नाही. थंडीत तिने विश्रांती घेतली तर घेऊ द्यावी.

आणि एक साधी गोष्ट विसरू नका. अंडे बंद झालेलेच नसते! कोंबडी उसाच्या फडात, पाचटाच्या आडोशाला अंडी घालते आणि मुंगूस किंवा साप ती खातो. दोन-तीन दिवस कोंबड्या सकाळी दहा-अकरापर्यंत कोंडून पाहा. खुराड्यात अंडे सापडले तर चोर बाहेर आहे, दुखणे आत नाही.

कोंबडी अंड्यावर आहे की नाही हे हाताने कळते. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोके लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटे बसली, द्वार ओलसर व रुंद असले, तुरा लालभडक असला, तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट बसले, द्वार आकसलेले कोरडे असले, तुरा फिका व सुरकुतलेला असला, तर ती बंद आहे. विकायची कोंबडी या परीक्षेने निवडावी, अंदाजाने नव्हे.

आता कवचाचा हिशेब. गावरान अंड्याचे कवच चार-साडेचार ग्रॅमचे असते, त्यात दीड-पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम असते. 100 ग्रॅम बाजरीतून कोंबडीला मिळते सुमारे 40 मिलिग्रॅम, ज्वारीतून त्याहूनही कमी. म्हणजे दिवसभर बाजरी खाऊन एका अंड्याच्या गरजेचा चाळिसावा हिस्सासुद्धा नीट भरत नाही! उरलेले ती किड्यांतून, पाल्यातून, मातीतून गोळा करते, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्वतःच्या हाडांतून काढते. हाडांतलेही सरले की आधी पातळ कवच, मग चामडी अंडे, मग अंडे बंद. कधी कोंबडीचे पायच जातात. उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा वेगळ्या वाडग्यात कायम ठेवावा, ज्या कोंबडीला गरज असेल ती आपणहून खाते. अंड्यांची टरफले वाळवून, तव्यावर भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात. अख्खी टाकली तर अंडी फोडून खाण्याची खोड लागते आणि ती खोड सुटता सुटत नाही. भिंतीला लावायचा कळीचा चुना मात्र देऊ नये, तो तोंड-गळा भाजतो.

चैत्र-वैशाखात कवच पातळ होण्याचे कारण निराळे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. त्या धापांनी रक्ताचा तोल बिघडून कवच नीट बसत नाही, आणि खाणेही कमी होते. सावलीत, मातीच्या भांड्यात, दिवसातून दोन-तीनदा बदललेले गार पाणी हेच त्यावर औषध.

खाण्यात आणखी दोन सावधगिऱ्या. बुरशी आलेला मका किंवा भुईमुगाची काळवंडलेली पेंड माणसाला नको म्हणून कोंबड्यांपुढे टाकली जाते. त्या बुरशीचे विष यकृतात बसते आणि अंडी घटतात. सरकीची पेंड गाईला चांगली, पण कोंबडीला जास्त झाली तर अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो.

एवढे सारे ठीक असूनही कोंबडी फिकी पडत असेल, तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा. फटींतून गोचीड आणि बारीक तांबडे किडे बाहेर पडून झोपलेल्या कोंबडीचे रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत जातात. दिवसा काही दिसत नाही. फटी मातीने लिंपून वर चुना द्यावा, जुनी मोडकी लाकडे जाळून टाकावीत, आणि कोंबड्यांना लोळायला कोरडी राख-माती ठेवावी. उसावरचे फवारणीचे औषध कोंबडीच्या अंगावर मारू नये.

अंडे अडलेली कोंबडी ओळखू येते. ती शेपूट पाडून, उभट होऊन बसते आणि सारखी कुंथते. तिला शेपटीपर्यंत बुडेल अशा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे धरावे, द्वाराला तेल लावावे आणि अंधाऱ्या शांत जागी ठेवावे. अंडे आत फोडू नये. चार-सहा तासांत सुटले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. कधी जोर करताना आतले अंग बाहेर येते. ते पाहून बाकीच्या कोंबड्या टोचून आतडी ओढतात, म्हणून प्रथम तिला वेगळी करावी. अंग स्वच्छ कोमट पाण्याने धुऊन त्यावर साखर घट्ट भिजवून लावावी. साखर सूज ओढून घेते. दहा मिनिटांनी तेलाच्या बोटाने अंग हळूच आत सारावे. आपल्या साखरेचा हा उपयोग कित्येक सभासदांना ठाऊक नसेल!

लसीचे गणित

मानमोडीला औषध नाही, पण लस आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पुढे चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी लस टोचून. ही दुसरी लस कुमाऊँमधल्याच मुक्तेश्वरच्या जंतूपासून बनलेली, म्हणून तिला मुक्तेश्वर लसही म्हणतात. आपल्या राज्यात पुण्याला औंध येथील शासनाची संस्था पशुपक्ष्यांच्या लशी तयार करते.

अडचण बाटलीची आहे. बाटली शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची, एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, तोवर बर्फात ठेवायची. आपल्या घरी कोंबड्या बारा. बारा कोंबड्यांसाठी कोणी बाटली फोडत नाही, आणि फोडली तरी उरलेली वाया जाते. म्हणून एका वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी दिवस ठरवावा, आदल्या रात्री कोंबड्या डालग्यात कोंडाव्यात आणि भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत, एकाच फेरीत काम उरकावे. आजारी कोंबडीला त्या दिवशी टोचू नये. जंताचे औषध आठवडाभर आधी दिलेले असावे. मोठ्या कोंबड्यांना लस पुन्हा कधी द्यायची, हे डॉक्टरांना विचारून घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.

आणि तरीही कोंबडी मेलीच, तर कारण कळल्याशिवाय ती पुरू नये. मेल्यावर दोन-चार तासांच्या आत, दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत, बर्फाच्या तुकड्यांवर ठेवून ती पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. कुजलेली कोंबडी तपासून काही कळत नाही. नेताना चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : किती कोंबड्यांपैकी किती आजारी, पहिली कधी आजारी पडली, काय खाल्ले, आणि पहाटे गळा भरलेला होता की रिकामा.